दोन वाजेपर्यंतचा समुद्र

"विमान म्हणजे काही नळ नव्हे, फिरवला की आला," असं साडूभाऊ म्हणाले आणि स्वतःच हसले, तिथे या प्रकरणाला सुरुवात झाली.

ज्यांना उद्देशून ते म्हणाले ते नळकाका. पाणीपुरवठा खात्यात गळती शोधण्याच्या विभागाचे प्रमुख. रस्त्याला कान लावून खाली पाणी कुठे मुरतंय हे सांगणारा माणूस. इमारतीतल्या लोकांनी त्यांना नळकाका म्हणायला सुरुवात केली ती प्रेमाने, असं लोकांचं म्हणणं. काकांना ते नाव कधीच आवडलं नाही, पण सकाळी तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत नळाची तक्रार घेऊन दारात आलेल्या माणसाशी नावावरून काय वाद घालणार? साडूभाऊ म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. साडूंनी एकमेकांना पाण्यात पाहावं ही जगाची रीतच आहे. त्यात हे साडूभाऊ विमानाने जायचे कमी आणि त्याबद्दल सांगायला यायचे जास्त.

त्या दिवशी काकूंनी आपला सहज विषय काढला होता, की एकदा समुद्रावर जाऊन चार दिवस राहावं. साडूभाऊंनी लगेच खिशातून फोन काढला.

"माझा एजंट आहे. तो सगळं करून देईल. तुम्ही फक्त तो सांगेल तिथे उभे राहा. स्वतः करायला जाऊ नका हो. तुम्हाला नाही जमायचं."

काकांनी चहाचा कप बशीत ठेवला. त्या आवाजावरूनच काकूंना कळलं की आता हा माणूस जाणार. नुसता जाणार नाही, स्वतःच्या हिमतीवर जाणार, आणि आपल्यालाही नेणार.

त्याच संध्याकाळी काकांनी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला, चष्मा पुसला आणि टेबलाच्या आसपास कोणी फिरकायचं नाही असं जाहीर केलं. घरात काकूंशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे जाहीर केलं ते त्यांच्यासाठीच. समुद्राच्या त्या गावाला जाणारं विमान दिवसाला एकच होतं आणि ते पहाटेचं होतं. विमान आणि रिसॉर्ट असं एकत्र पॅकेज मिळत होतं. काकांनी आधी बायकोचं नाव भरलं, कारण स्त्रीदाक्षिण्य. मग स्वतःचं भरलं. सगळं दोनदा तपासलं. दोनदा तपासूनही जे राहायचं ते राहतंच, पण त्याचा पत्ता पुढे लागायचा होता. शेवटचं बटण दाबून ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "एजंट म्हणे."

या प्रवासाबद्दल कोणालाही काही विचारायचं नाही, हे काकांनी पक्कं ठरवलं होतं. मात्र कोणाला सांगायचं नाही, असं काही ठरवलं नव्हतं. तेव्हा दोन दिवसांत ही बातमी जिना उतरून तळमजल्यापर्यंत गेली आणि सल्ले जिना चढून वर यायला लागले. समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, पहाटेचं विमान म्हणजे आदल्या दिवशीच निघालेलं बरं. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, विमानात कान बंद होतात, तेव्हा काहीतरी चघळत राहा, पण डाव्या दाढेने नाही, तिची मी जबाबदारी घेत नाही. तळमजल्यावरच्या शिंप्याने पँट सैल करून घ्या म्हणून सुचवलं. वर गेल्यावर माणूस फुगतो, असं त्याच्या एका गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं होतं. काकांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि पँट सैल करून घेतली.

राहता राहिला उठण्याचा प्रश्न. काकांचा गजरावर पूर्ण विश्वास होता. इमारतीचा काकांवर नव्हता. प्रत्येकाने स्वतंत्रपणे मनाशी ठरवलं की या माणसाला आपणच उठवलं पाहिजे, आणि त्या रात्री ज्या सुमाराला चोरसुद्धा आटपून घरी जातात त्या सुमाराला पोस्टमास्तरांनी घंटी दाबली, डॉक्टरांनी फोन केला आणि शिंप्याने खालून हाका मारल्या. गजर या सगळ्यानंतर वाजला, तोही जरा ओशाळल्यासारखा. टॅक्सी आली तेव्हा झाडून सगळे जिन्यात आणि गॅलऱ्यांत उभे होते. टॅक्सीवाल्याने इतकी माणसं पाहून टोपी काढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?"

"आम्ही जातोय," काका म्हणाले आणि दार आपटून बसले.

विमानतळावर ते इतक्या लवकर पोहोचले की काउंटरवरची मुलगी त्यांच्या नंतर आली. काकांनी तिला "आज उशीर झाला" असं म्हटलेलं काकूंना आवडलं नाही. त्या मुलीलाही आवडलं नसावं, कारण तिने ओळखपत्रं हातात घेतली आणि पडद्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सर, तिकिटावर श्रीमती आहे."

"हो. या माझ्या श्रीमती."

"त्यांच्या नाही. तुमच्या तिकिटावर."

नाव भरताना नावाच्या आधी एक इवलासा चौकोन होता. काकूंच्या वेळी तो भरला होता तसाच तो काकांच्या वेळीही राहिला होता. काकांनी मिशीवरून हात फिरवला, पुरावा म्हणून.

"मी तुम्हाला श्रीमती दिसतो?"

"दिसण्याचा प्रश्न नाही सर. सिस्टीममध्ये तसं आहे."

"मग सिस्टीमला सांगा, माणूस समोर उभा आहे."

"दुरुस्ती पलीकडच्या खिडकीवर होते. ती सातला उघडते."

"आणि विमान?"

"ते सहाला सुटतं."

काकांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. जी खिडकी विमान उडून गेल्यावर उघडते ती खिडकी नव्हे, भिंत आहे, असं ते म्हणाले. मीही सरकारी नोकर आहे, पण असली खिडकी आमच्या खात्यात, असं म्हणता म्हणता त्यांना आठवलं की आपल्या खात्यात अशा दोन आहेत, आणि ते वाक्य त्यांनी अर्ध्यातच सोडून दिलं. मागे रांग वाढत होती. शेवटी काकू पुढे झाल्या.

"बाळ, श्रीमतींना विमानात बसायला काही बंदी आहे का?"

"नाही मॅडम."

"मग जातो की आम्ही दोघी. दे पास."

मुलीने सुपरवायझरला बोलावलं. त्याने ओळखपत्राकडे, मिशीकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने पाहिलं आणि पास छापायला सांगितले. काम झालं, पण काकांना तो विजय वाटला नाही. 'दोघी' हा शब्द त्यांच्या छातीत रुतून बसला होता. सुरक्षा तपासणीपाशी बायकांची रांग वेगळी होती. काका पुरुषांच्या रांगेत उभे राहिले, ते नेहमीपेक्षा जरा जास्तच ताठ.

तिथे त्यांच्या हातातल्या पिशवीतून पाना निघाला. नळाचा, चांगला वजनदार.

"हा विमानात कशाला?" अधिकाऱ्याने विचारलं.

"विमानात नाही हो. पुढे. परक्या ठिकाणचे नळ रात्री टपटपतात. तुम्हाला येते झोप? मला नाही येत."

पाना गेला. काकांनी त्याची पावती मागितली. पावती नसते असं कळल्यावर, वस्तू घेऊन पावती न देण्याला काय म्हणतात, ते त्यांनी अधिकाऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं. काकू नेहमीप्रमाणे दोन पावलं मागे थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हं. स्वभाव आहे त्यांचा." संसार सुरू झाल्यापासून हे वाक्य त्यांनी दूधवाल्याला, बँकेतल्या बाईंना, दोन शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि एकदा लग्नाच्या मांडवात नवऱ्यामुलाच्या वडिलांना ऐकवलेलं होतं. काका पुढे लढत आणि काकू मागून जखमींना पट्ट्या बांधत येत.

विमानात त्यांना मिळालेली जागा संकटकाळच्या दारालगत होती. हवाई सुंदरी खाली वाकून गोड आवाजात म्हणाली, "सर, वेळ आली तर हे दार उघडायला तुम्ही मदत कराल ना?"

आदल्या दिवसापासून काकांना कोणी विचारलेला हा पहिला सन्मानाचा प्रश्न होता. त्यांनी दाराच्या कडीची नीट पाहणी केली, ती कोणत्या बाजूला फिरते ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "करीन. पण जरा आधी कळवा." मग सगळं विमान तोंड उघडं टाकून झोपलं, काकूंची मान त्यांच्या खांद्यावर आली, खाली ढगांवर ऊन पडलं. काका मात्र कडीवर नजर ठेवून, उजव्या दाढेने बडीशेप चघळत सबंध प्रवासभर जागे राहिले. विमान उतरलं तेव्हा त्यांना, सर्वांना सुखरूप आणल्याचं समाधान होतं आणि मान डावीकडे वळत नव्हती.

रिसॉर्ट झकास होतं. लॉबीला भिंतीऐवजी काच, काचेपलीकडे हिरवळ, हिरवळीपलीकडे समुद्र. कोट घातलेला तरुण मॅनेजर हसतमुखाने पुढे आला, पडद्यावर पाहिलं, काकांकडे पाहिलं, त्यांच्या पाठीमागे दाराकडे पाहिलं.

"आणि दुसऱ्या मॅडम मागून येतायत का, सर?"

"मीच त्या," काका म्हणाले. "खोलीची किल्ली द्या."

मॅनेजर पोटतिडकीने माफी मागून म्हणाला, "चेक-इन दोन वाजता असतं, सर."

भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते. काकांना वाटलं, आपल्या कानातला दडा अजून गेला नसावा.

"विमान तुमच्याच पॅकेजमधलं ना?"

"हो सर."

"ते पहाटे निघतं."

"तेच एक विमान आहे सर इथे यायला."

"आणि खोली मिळणार दुपारी. मग मधला वेळ कोणाचा?"

"आपलाच, सर. आपण रिलॅक्स करा."

काकांनी तसा प्रयत्न करून पाहिला, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. लॉबीतल्या सोफ्यांवर त्याच विमानातून आलेली मंडळी आधीच पसरली होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी. एक भरदार वकीलबाई पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या. एक नवं लग्न झालेलं जोडपं एकमेकांच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं, आणि कोणाचं डोकं कोणाच्या आधाराने उभं आहे ते कळायला मार्ग नव्हता. काका जरा आडवे झाले, तर एक गणवेशातली मुलगी येऊन म्हणाली, सोफ्यावर आडवं होता येत नाही. नाश्त्याला गेले, तर दारातल्या माणसाने खोली नंबर विचारला. पोहण्याच्या तलावाकडे गेले, तर टॉवेल देणाऱ्याने खोली नंबर विचारला. किनाऱ्यावर मांडलेल्या आरामखुर्च्यांचीही तीच गत. तोंड धुवायला तेवढं त्यांना फुकट जाऊ दिलं, आणि तिथला नळ गळत होता.

ते परत मॅनेजरसमोर उभे राहिले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आले होते, त्यामुळे तो खालच्या पट्टीतच लागला, पण लॉबीभर ऐकू गेला.

"माणसाला झोपेतून उठवून, आकाशातून आणून सोफ्यावर ताठ बसवून ठेवण्याला तुम्ही पॅकेज म्हणता, त्याला आमच्याकडे कोंडून घालणं म्हणतात."

मॅनेजरने अशा प्रसंगी सगळेच करतात ते केलं, म्हणजे काकूंकडे पाहिलं. काकू दोन पावलं मागेच होत्या. त्यांची झोप झाली नव्हती, पाय सुजले होते, आणि इतक्या वर्षांनी काचेपलीकडे समुद्र दिसत होता, तोही लांबून.

"बरोबर बोलतायत ते," काकू म्हणाल्या.

काकांनी चमकून मागे पाहिलं. रोज कान लावून ऐकलेल्या पाइपातून एखाद्या दिवशी निराळाच आवाज यावा, तसा त्यांचा चेहरा झाला. मग ते पुन्हा मॅनेजरकडे वळले आणि अगदी सावकाश विचारलं, "समुद्राला खोली नंबर लागतो का?"

मॅनेजर विचारात पडला. प्रशिक्षणात हा प्रश्न आलेला नसावा. "नाही सर. समुद्र… तो आमचा नाही."

"बास," काका म्हणाले.

सुटकेसला चाकं होती, पण चाकांना वाळू माहीत नव्हती. काकांनी ती वाळूतून ओढत नेली, तेव्हा मागे नांगरल्यासारखी रेघ उमटत गेली. जेवणघराच्या काचेसमोर बरोबर मध्यावर, आत नाश्ता करणाऱ्यांना समुद्र दिसतो त्या जागेवर, त्यांनी तळ ठोकला. हॉटेलच्या चादरींवर काकूंचा विश्वास नसल्याने त्यांनी घरून दोन आणल्या होत्या. एक अंथरली. दुसरी काकूंनी दोन्ही हातांनी आडवी धरली आणि तिच्यामागे काकांनी कपडे बदलले. वाऱ्याने चादर उडाली, त्या क्षणी जेवणघरात दोन चमचे खाली पडले, पण काकांनी तोल काही ढळू दिला नाही. अर्धी चड्डी चढवून ते समुद्राकडे निघाले.

पाण्याशी त्यांचा आजवरचा संबंध कचेरीतला होता. ते पाणी पाइपातून यायचं, दाबाखाली असायचं आणि बंद करता यायचं. काका घोटाभर पाण्यात उभे राहून मागे वळले आणि काकूंना "काही नाही गं, ये," असं म्हणत होते, तेवढ्यात लाट आली. तिने त्यांना गुडघ्यांत मोडलं, उलटं केलं, थोडं पुढे नेलं आणि चष्म्याशिवाय परत आणून ठेवलं. ते वाळूवर बसून खोकत होते. काकू हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग त्या वाळूत खाली बसल्याच. काका रागवायच्या तयारीत होते. पण ही बाई असं हसू शकते हे ते विसरून गेले होते, आणि बघत राहिले. चष्म्याशिवाय जेवढं दिसत होतं तेवढं.

चष्मा वकीलबाईंना सापडला. त्या कधीच्या लॉबीतून उठून आल्या होत्या. त्यांनी तो पदराने न पुसता सरळ काकांच्या नाकावर ठेवला आणि म्हणाल्या, "कायद्याने तुम्हाला इथून कोणी उठवू शकत नाही. मी पण बसते." त्यांच्यामागून नवं जोडपं डोळे चोळत आलं. काकूंनी घरून आणलेला पाव, लोणी आणि उकडलेली अंडी बाहेर काढली. काकांनी उतरवलेली पँट सुटकेसच्या उभ्या केलेल्या दांड्यावर टांगलेली होती. शिंप्याने सैल केल्यामुळे ती वाऱ्याने फुगली आणि तळावर निशाण फडकावं तशी फडकू लागली.

आत जेवणघरातले पाहुणे खुर्च्या वळवून बसले होते. मॅनेजरचा पहिला निरोप चहा घेऊन आला. चहा ठेवून घेतला. दुसरा निरोप आरामखुर्च्या घेऊन आला, खोली नंबर न विचारता. त्याही ठेवून घेतल्या. तिसऱ्या वेळी मॅनेजर स्वतः आला, वाळूत बूट रुतवत, आणि काकांच्या कानाशी वाकला.

"सर, एक खोली तयार केलीय. फक्त तुमची. एसी चालू करून ठेवलाय. सामान मी उचलायला लावतो. फक्त जरा गुपचूप."

आता खरी वेळ आली होती. ऊन चढलं होतं. काकांच्या अंगात मीठ आणि वाळू मुरली होती, मान डावीकडे वळत नव्हती आणि रात्रीचा गजर अजून डोक्यात वाजत होता. त्यांची कंबर म्हणत होती, हो म्हण. गुडघे म्हणत होते, लवकर म्हण. लढाई जिंकल्यावर शत्रूचा पलंग वापरायला काय हरकत आहे, असाही एक विचार त्यांच्या मनात डोकावून गेला. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू नव्या नवरीला अंडं सोलून देत होत्या.

"काय म्हणतायत?" काकूंनी विचारलं.

"खोली देतायत. आपल्याला."

"आणि यांना?"

मॅनेजर म्हणाला, "बाकीच्यांचं नियमाप्रमाणे, मॅडम. दोन वाजता."

काकूंनी अंड्यावर मीठ टाकलं आणि पुढे केलं. मग काकांकडे बघत राहिल्या. काकांनी एक मोठा श्वास घेतला. त्या श्वासात पलंग गेला, एसी गेला, गोड्या पाण्याची आंघोळ गेली.

"आमचंही दोनलाच," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

वकीलबाईंनी नुसती मान हलवली, पण भरल्या कोर्टात हलवावी तशी. मॅनेजर परत गेला. जाताना त्याने बूट काढून हातात घेतले.

त्यानंतर तळावर फारसं काही घडलं नाही. आरामखुर्च्यांच्या सावल्या फिरतील तशा चादरी फिरत गेल्या. जोडपं पाण्यात जाऊन आलं. वकीलबाईंनी एका जुन्या खटल्याची गोष्ट सुरू केली आणि मध्येच त्या स्वतःच घोरायला लागल्या. काका चादरीवर उताणे पडले, चष्मा छातीवर ठेवला आणि ज्याला लॉबीत आडवं होता येत नव्हतं तो माणूस असा काही आडवा झाला की आसपासचे पक्षी उडून लांब जाऊन बसले. काकू एकट्या जाग्या होत्या. पाय लांब करून, टाचा ओल्या वाळूत खुपसून त्या समोर बघत होत्या.

दोन वाजता मॅनेजर आला. कोट काढला होता, बाह्या वर केल्या होत्या, हातात किल्ल्यांचा जुडगा होता.

"मॅडम, खोल्या तयार आहेत. सगळ्यांच्या."

"आम्ही नाही तयार," काकू म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही आणि आवाजही चढवला नाही.

मॅनेजरने झोपलेल्या मंडळींकडे पाहिलं, फडकणाऱ्या पँटकडे पाहिलं, मागे काचेकडे पाहिलं. काचेला आता दुपारच्या जेवणाचे पाहुणे चिकटले होते.

"मग कधी याल? म्हणजे मला वर काहीतरी सांगायला हवं."

"भरती आली की. पाणी पायाला लागलं की उठू."

काकांनी डोळे न उघडता जमिनीला कान लावला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "अजून बराच वेळ आहे. पाण्याचं मला कळतं."

मॅनेजरने समुद्राकडे पाहिलं. समुद्र ओहोटीला लागला होता, आणि ओल्या वाळूचा लांबच लांब पट्टा मोकळा करत, कसलीही घाई नसल्यासारखा, मागे मागे चालला होता.